ओळखीतली गाडी

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब आमच्या टेबलावर यायचा आणि गेज लावल्याशिवाय पुढं जायचा नाही. मशीनवरचा माणूस रोज माझ्याच डब्यातली भाजी खाणारा असला तरी त्याच्या जॉबला मी मायक्रोमीटर लावायचा तो लावायचोच. त्यालाही त्यात कधी काही वाटलं नाही. उलट न तपासता पास केला असता तर त्यालाच धास्ती वाटली असती.

तोच मी, निवृत्तीनंतर फंडातले दोन लाख नव्वद हजार खर्चून जुनी गाडी घ्यायला निघालो आणि ‘जरा तपासून घेतो’ एवढे तीन शब्द कसे उच्चारायचे या विचारानं दोन रात्री तळमळत राहिलो. कारण गाडी आमच्या सौ.च्या मावसभावाची होती.

गाडीची हौस म्हणाल तर मला कधीच नव्हती. अनगोळात घर, स्कूटर हाताशी, बाजार जवळ. पण सौ.चे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. स्कूटरवर मागं बसणं बंद झालं, मग रिक्षात चढताना हात द्यावा लागू लागला. शहापूरला तिची थोरली बहीण राहते, तिच्याकडं जाणंही महिन्यातून एकदा व्हायला लागलं. ‘मला कुठं जायचंच नसतं हो,’ असं ती म्हणू लागली तेव्हा मी गाडीचं मनावर घेतलं. बोलता बोलता ही गोष्ट सांगलीला पोचली आणि लगेच मावसभावाचा फोन आला.

‘‘दाजी, बाहेर कुठं बघू नका. आमची देऊन टाकायचीच आहे. घरातली गाडी, एकहाती वापरलेली. दुसऱ्याला देण्यापेक्षा अक्कालाच जाऊ दे. डोळे मिटून घ्या.’’

वाचकहो, आपल्या भागात ‘ओळखीतली गाडी’ यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. गोव्याहून आणलेली असो, कोल्हापूरची असो की चिक्कोडीची, ‘ओळखीतली आहे’ म्हटलं की पुढचे प्रश्न संपतात. सौ. तर फोन ठेवल्या ठेवल्या गाडीला कुठला हार घालायचा ते ठरवून बसली. मी हळूच म्हटलं, ‘‘एखादा मिस्त्री घेऊन गेलो तर?’’ तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी तिच्या मावशीच्या हातचा चहा फडक्यातून गाळून मागितला असावा.

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या मिस्त्रींना मी ही अडचण सांगितली. हात पुसत ते म्हणाले, ‘‘काका, अनोळखी माणसाची गाडी असती तर मी आलो नसतो तरी चाललं असतं. तुम्हीच चारदा वाकून बघितली असती. ही ओळखीतली आहे म्हणून येतो.’’

तेव्हा ‘नरसोबाच्या वाडीला निघालेले आमचे शेजारी’ अशा नात्यानं मिस्त्री आमच्याबरोबर निघाले. २०२३ च्या मे महिन्यातला रविवार. सकाळच्या रेल्वेनं मिरज, तिथून रिक्षानं सांगली. मिस्त्रींच्या खांद्याला शबनम होती. तीत बॅटरी, एक चुंबक, जुनं फडकं आणि वाडीला जाणाऱ्या माणसाजवळ असावा म्हणून सौ.नं दिलेला नारळ.

मावसभावानं स्वागत जोरात केलं. गाडी दारात धुऊनपुसून उभी होती. पांढरी, पेट्रोलवरची, छोटी गाडी. नोव्हेंबर २०१६ ची, ४८ हजार किलोमीटर फिरलेली. वरचं मॉडेल, दोन एअरबॅग. आत बसलो तर नव्या सीट कव्हरांचा वास. मिस्त्रींनी सहज म्हणून बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. बॉनेट गरम होतं. मावसभाऊ आमच्यासाठी भडंग आणायला आत्ताच गाडी घेऊन जाऊन आला होता.

‘‘तीन तास तरी थांबायचं,’’ मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले. गाडी बघायला जाताना इंजिन थंड पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं. गरम इंजिन कुणाचंही चटकन सुरू होतं. खोड दिसायची ती रात्रभर, निदान काही तास थंड पडलेल्या इंजिनाला पहिला स्टार्ट मारताना. बॅटरी दमलेली असेल तर ती तेव्हाच कण्हते, इंजिनात खडखड असेल तर ती तेव्हाच ऐकू येते, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर समजायचं की इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ निघाला तर ती नुसती वाफ असते. पण इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंटचं पाणी इंजिनात उतरतंय अशी शंका घ्यायची.

तीन तास काढायला आमरस-पुरी होती. मिस्त्रींनी वाडीच्या दर्शनाची घाई नाही असं दोनदा सांगितलं. जेवण होईस्तोवर मी कागदपत्रं मागून घेतली. कागद बघण्यात कुणाला राग येत नाही. आपल्याकडं पाहुणे कुंडलीसुद्धा बघतात.

आरसीवरचं नाव, गाडीचा चासी नंबर, इंजिन नंबर सगळं बरोबर. मग विम्याची पॉलिसी उघडली. तिच्यात नो क्लेम बोनस ३५ टक्के छापलेला होता. एकतीस वर्षांची सवय, आकडा दिसला की मन त्याला कशावर तरी लावून बघतं. विम्याचा हा हिशोब सरळ असतो. एक वर्ष क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के सूट, सलग दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. त्यापुढं वाढत नाही. मध्ये क्लेम केला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. गाडी नोव्हेंबर २०१६ ची, हातातली पॉलिसी नोव्हेंबर २०२२ ची. सहा वर्षांत एकदाही क्लेम नसता तर आकडा ५० हवा होता. ३५ आहे, म्हणजे बिनक्लेमची वर्षं तीनच. म्हणजे शेवटचा क्लेम नोव्हेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०१९ या वर्षातला.

ऑगस्ट २०१९ त्या वर्षातच येतो. सांगलीत त्या ऑगस्टमध्ये काय झालं ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. बेळगाव जिल्ह्यातली नदीकाठची गावंही तेव्हा पाण्याखालीच होती.

मी पॉलिसीची घडी घालून ठेवली आणि आणखी एक पुरी घेतली. क्लेम काय, कुणी मागून धडक दिली म्हणूनही होतो.

दोनच्या सुमाराला मिस्त्री ‘जरा पाय मोकळे करतो’ म्हणून उठले. आधी ते गाडीभोवती नुसते फिरले, उन्हात, पत्र्यावर तिरकी नजर टाकत. दोन दरवाज्यांमधली, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बघितलं. बॉनेट उघडून मडगार्डच्या बोल्टवरचा रंग नखानं खरवडला. बोल्ट कधी काढला असेल तर पान्ह्याच्या खुणा रंगावर राहतातच. दरवाज्याचं रबर चार बोटं ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले. कारखान्यात ते एकसारखे गोल बसतात, गॅरेजात तसे बसत नाहीत. चुंबक दरवाज्यांच्या खालच्या कडेनं फिरवलं. पुट्टी भरलेली असेल तिथं ते पकडत नाही. पत्रा अस्सल होता. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. तिथं दुधी, लोण्यासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असू शकतं. झाकण स्वच्छ. स्टार्टर पहिल्या फटक्याला लागला, धूर नाही, आवाज नाही.

‘‘इंजिन छान राखलंय,’’ मिस्त्री मनापासून म्हणाले. मावसभावाचा चेहरा खुलला. सौ.नं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. बघितलंत?

मग मिस्त्री पुढच्या डाव्या सीटवर बसले, म्हणजे जिथं सौ. बसणार होती तिथं, आणि त्यांनी सीट बेल्ट ओढला. नेहमीसारखा कमरेला लावण्यापुरता नाही. ओढत ओढत पार शेवटापर्यंत. पट्ट्याचा शेवटचा वीतभर भाग बाहेर आला. तो मातकट होता, आणि जिथं मातकटपणा संपत होता तिथं पट्ट्यावर आडवी, फिकट तपकिरी रेघ होती.

पट्ट्याची गुंडाळी दरवाज्याच्या खांबात खाली, सीटच्या बुडाशी असते. सीट कव्हर नवी घालतात, खालचं कार्पेट बदलतात, सुवासिक बाटली टांगतात. हा पट्टा शेवटापर्यंत ओढून कुणी धूत नाही. मिस्त्री बोलले काहीच नाहीत. डिकी उघडून स्टेपनी उचलली, तिच्याखालच्या खळग्यात फडकं फिरवलं. फडक्यावर गाळाची बारीक, वाळलेली पूड आली. सीटच्या रुळाखाली बॅटरी मारली, बोल्टांना गंज. चार वर्षांत एरवी तिथं गंज यायला गाडी गोव्यात समुद्राकाठी तरी राहायला हवी.

शेवटी त्यांनी चावी अर्धी फिरवली. इंजिन सुरू न करता चावी फिरवली की समोरचे दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांनी एकेक विझतो. त्यात एअरबॅगचाही एक दिवा असतो. तो लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. इथं तो लागलाच नाही. मिस्त्रींनी तीनदा चावी फिरवली, तीनदा नाही.

‘‘हा दिवा कधीपासून लागत नाही?’’

मावसभाऊ गोंधळला. ‘‘तो सारखा लागून राहायचा. गॅरेजवाल्याला दाखवला, त्यानं दुरुस्त करून दिला.’’

मिस्त्रींनी मान हलवली. एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणारी पेटी बहुतेक गाड्यांत खाली, गियरच्या आसपास, जमिनीलगत असते. पाणी शिरलं की ती आधी सापडते. ती बदलायची म्हणजे मोठा खर्च. त्या गॅरेजवाल्यानं पेटी दुरुस्त केली नव्हती, दिव्याची सोय लावली होती. तीन-चार वर्षं मावसभाऊ स्वतः, त्याची बायको, मुलगी या गाडीतून फिरत होते, एअरबॅग आहेत या भरवशावर.

अंगणात कुणीच बोलेना. मग मीच म्हटलं, ‘‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’’

मावसभाऊ पायरीवर बसला. ‘‘सीटच्या बुडापर्यंत. स्टार्ट मारला नाही, ढकलत बाहेर काढली आणि टो करून नेली. म्हणून इंजिन वाचलं.’’ थोडा थांबला. ‘‘लपवायचं नव्हतं दाजी. पण गाडीचं काढलं की घराचंही निघतं. आईची पैठणी, दादांच्या वह्या, मुलीचे लहानपणाचे फोटो, सगळं त्या चिखलातनं फावड्यानं ओढून टाकलं आम्ही. गाडी तेवढी परत आली. ती चांगलीच आहे असं धरून चाललो होतो.’’

सौ. बाहेर आली होती. मला वाटलं आता माझी खैर नाही. पण ती भावाशेजारी पायरीवर बसली, गुडघ्यांची पर्वा न करता.

गाडी आम्ही घेतली नाही. निघताना भडंगाची पिशवी मात्र घेतली. परतीच्या रेल्वेत मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं. इंजिन, गियर, क्लच उत्तम, काळजी वायरिंगची. पाण्यात बुडालेल्या कनेक्टरना आतून हिरवट बुरशी धरत जाते. दहा वर्षं काही होणार नाही, नाहीतर एखाद्या रात्री घाटात सगळे दिवे एकदम जातील. ‘‘काकूंचे पाय असे. गाडी बंद पडली तर त्यांना उतरून चालत येता येणार आहे का, एवढंच मी बघतो.’’

सौ. गप्प होती. कुडचीच्या पुलावर गाडी आली तेव्हा ती खिडकीतून खाली बघत होती. मे महिन्यातली कृष्णा, खडक उघडे पडलेले. ‘‘एवढंसं तर पाणी आहे,’’ ती म्हणाली. मग बेळगाव येईपर्यंत काही बोलली नाही.

पुढं ऑगस्टमध्ये आम्ही टिळकवाडीतल्या एका पूर्ण अनोळखी गृहस्थांची गाडी घेतली. इथं मला कसलाच संकोच झाला नाही, आणि त्यांनाही नाही. मिस्त्रींना त्यांनी स्वतः चावी दिली. ‘सर्व्हिस सेंटरला नेऊन रॅम्पवर चढवा, खर्च तुमचा,’ म्हणाले. तिथं कॉम्प्युटरवर जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी निघाल्या, त्यातला किलोमीटरचा आकडा दर वर्षी चढत गेला होता. हा आकडा मागं फिरवणारे लोक असतात, पण सर्व्हिस सेंटरच्या जुन्या नोंदी त्यांना फिरवता येत नाहीत. टायरवर चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमचे टायर २०१७ चे निघाले, झीज फार नव्हती पण रबर कडक होऊन चिरा पडलेल्या. चाकाजवळच्या जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं, ग्रीस बाहेर आलेलं. दोन्हींचे मिळून १८ हजार किमतीतून कमी झाले.

खोट निघाली ती कागदांत. बँकेचं कर्ज त्यांनी कधीच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. अनेकजण शेवटचा हप्ता भरतात आणि विसरून जातात. बँकेचं नाहरकतपत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओत उतरवून घ्यावा लागतो, तो उतरल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत. नावावर दोन ई-चलनं थकलेली होती, तीही त्यांनीच भरली.

आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड असते, ती सांगतो. समजा ती सांगलीची एमएच-१० ची गाडी मी आणलीच असती, तर नुसतं नाव बदलून भागलं नसतं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर तिला इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओचं नाहरकतपत्र आणायचं, कर्नाटकाचा कर गाडीच्या वयाप्रमाणे नव्यानं भरायचा, आणि तिकडं भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागायला पुन्हा तिकडच्या खेपा. एमएच-०९ आणि एमएच-१० च्या गाड्या इथं मला ‘स्वस्त’ म्हणून दाखवल्या गेल्या, त्यात हा खर्च कुणीच धरलेला नव्हता. तो धरला की कित्येकदा केए-२२ चीच गाडी स्वस्त पडते.

आणि विकणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. ओळखीत गाडी दिली, पैसे मिळाले, कागद ‘होतील सावकाश’ म्हणून ठेवले, असं आपल्याकडं फार चालतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक. गाडी चार जणांच्या हातांतून पुढं गेलेली असली तरी नुकसानभरपाई त्याच्याच गळ्यात पडू शकते. घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव बदलायला अर्ज द्यायचा आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाकायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. विम्याचा थोडा जादा हप्ता मला त्यामुळं भरावा लागला.

सांगलीचा फोन मात्र थंडावला होता. गणपतीला आला नाही, दसऱ्यालाही नाही. सौ. मला काही म्हणत नव्हती, पण फोन वाजला की आधी ती उठायची. शहापूरला आता आम्ही आठवड्यातून दोनदा जात होतो, आणि तिथून परतताना गाडीत ती कधी कधी भावाचं काहीतरी जुनं सांगायची आणि मध्येच थांबायची.

भाऊबीजेला सकाळी दार वाजलं. मावसभाऊ उभा, हातात भडंगाची पिशवी. रेल्वेनं आला होता. ओवाळणी झाली, फराळ झाला. मग तो आपणहूनच म्हणाला, ‘‘गाडी गेली, दाजी. इस्लामपूरच्या एका मास्तरांना दिली. पाणी शिरलेलं सांगितलं, दिव्याचंही सांगितलं. साठ हजार कमी आले. एअरबॅगची पेटी ते बदलून घेणार आहेत.’’

मी काही बोललो नाही. सौ.नं त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

चहा झाल्यावर तो अंगणात गेला, आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर तळहात ठेवला. मग पुढच्या डाव्या सीटवर बसला, आणि सीट बेल्ट ओढत ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी बघितला आणि सोडून दिला.

‘‘स्वच्छ आहे हो अक्का,’’ त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं.